रावबहादुर सीताराम केशव बोले

आपल्या भंडारी ज्ञातीतील जे पुरुष मुंबई इलाख्याच्या राजकारणात पुढे आले, त्यांत रावबहादुर सीताराम केशव बोले यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. दादर येथील एस. के. बोले मार्गावरून सिद्धिविनायकाच्या दर्शनास सहस्रावधी भाविक जातात. परंतु हे बोले कोण, असा प्रश्न त्यांतील थोड्यांसच पडत असेल. आपल्या मुलांस तरी तो पडावा, म्हणून हा अल्प चरित्रलेख.

बोले यांचा पिंड मूळचा समाजसेवकाचा. १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिक उत्तीर्ण झाला, तेव्हा त्याच्या अभिनंदनार्थ भरलेल्या सभेचे अध्यक्षस्थान बोले यांनी भूषविले होते. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्यास भेट दिले. पुढे १९०९ साली मुंबईत कामगार हितवर्धक सभा निघाली, तीतही बोले अग्रभागी होते.

परंतु त्यांचे नाव इतिहासात राहिले ते एका ठरावामुळे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी असा ठराव आणला की, सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत. ठराव संमत झाला आणि सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांस तशा सूचनाही धाडल्या. परंतु कागदावरील पाणी कोणाच्या ओंजळीत पडते? महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी तळ्यावर जाण्याचे धैर्य कोणास होईना. तेव्हा ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव अंमलात आणणार नाहीत, त्यांचे अनुदान सरकारने बंद करावे, असा त्याचा रोख होता. माणूस भोळा नव्हता. गाठ कोठे आवळावी हे तो जाणून होता. १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडास तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यास बोले यांच्या ठरावाचा कायदेशीर आधार होता.

येथे थोडे स्वतःविषयी लिहितो. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत कोकणातील एका गावी मी शिक्षक होतो. तेथे दलित वाडीतील मुले विहिरीपासून दूर उभी राहत, आणि आपल्याच ज्ञातीतील एक गृहस्थ त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतीत. ठरावास तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते. मी रोज ते पाहिले आणि पहिले वर्षभर काहीही बोललो नाही. बोले यांच्या नावाचा अभिमान बाळगताना ती गोष्ट मला आजही टोचते.

ग्रामजोशांच्या वतनी हक्काविरुद्धही बोले कौन्सिलात झगडले. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांस पूजेचा अधिकार मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे व डॉ. आंबेडकर यांच्यासमवेत ते उभे राहिले. त्या वेळी रोष ओढवून घेण्यास ते कचरले नाहीत. रावबहादुर ही सरकारची पदवी मिरविणारा मनुष्य रस्त्यावरील वादात उतरतो, याचे तेव्हा अनेकांस नवल वाटले असेल.

खोतीविषयी मात्र अधिक लिहिले पाहिजे, कारण तो आपल्या कोकणच्या पोटाचा प्रश्न होता. खोत म्हणजे सरकार व कूळ यांच्यामधील वसुलीदार. शेत कुळाने कसावे, माड कुळाने राखावा, आणि पिकातील वाटा खोताच्या दारी नेऊन घालावा, ही रीत. माझे आजोबा धान्य मोजून घालून रिकामी पाटी घेऊन घरी येत, असे वडील सांगत. या खोतीविरुद्ध बोले यांनी कौन्सिलात विधेयक मांडले. त्यांच्या हातून ते कार्य सिद्धीस गेले नाही. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी पुन्हा विधेयक आणले, तेही तसेच राहिले. अखेर स्वराज्यात, १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. तो पाहण्यास बोले हयात होते. १९६१ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे देहावसान झाले.