डॅनी बियासोन

डॅनी बियासोन (२२ फेब्रुवारी १९०९ - २५ मे १९९२) हे इटलीत जन्मलेले अमेरिकन क्रीडासंघमालक होते. बास्केटबॉलमध्ये चेंडू ताब्यात आल्यापासून ठरावीक वेळेत बास्केटकडे फेक करण्याचे बंधन घालणारे चोवीस सेकंदांचे घड्याळ (शॉट क्लॉक) त्यांच्या पुढाकाराने १९५४ साली व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये आले. त्यामुळे खेळातील वेळकाढूपणाला आळा बसला आणि या खेळाचे स्वरूप कायमचे बदलले.

जन्म आणि पूर्वायुष्य

बियासोन यांचा जन्म इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातील मिलियानिको या गावी झाला. लहानपणीच ते कुटुंबासह अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज या शहरात स्थायिक झाले. १९४१ साली त्यांनी तेथे बोलिंग या खेळाचे केंद्र सुरू केले. हाच त्यांचा मुख्य व्यवसाय होता. ते नामांकित बास्केटबॉलपटू किंवा प्रशिक्षक नव्हते. खेळाकडे ते प्रेक्षकाच्या आणि तिकीट विकणाऱ्या मालकाच्या नजरेने पाहत असत.

सिरॅक्यूज नॅशनल्स

१९४६ साली बियासोन यांनी सिरॅक्यूज नॅशनल्स हा व्यावसायिक संघ स्थापन केला. १९४९ साली दोन प्रतिस्पर्धी लीगच्या एकत्रीकरणातून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) अस्तित्वात आली, तेव्हा हा संघ तिच्यात सामील झाला. डॉल्फ शेझ हे या संघाचे प्रमुख खेळाडू होते. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया यांसारख्या महानगरांच्या तुलनेत सिरॅक्यूज हे लहान शहर असल्याने प्रेक्षक टिकवून ठेवणे हा या संघाच्या अस्तित्वाचाच प्रश्न होता.

वेळकाढूपणाची समस्या

त्या काळी चेंडू ताब्यात असलेल्या संघाने किती वेळात फेक करावी, यावर कोणतेही बंधन नव्हते. आघाडी मिळालेला संघ चेंडू आपसांत फिरवत राही आणि वेळ काढी. प्रतिस्पर्ध्यापेक्षा दुबळा संघ तर सुरुवातीपासूनच हा मार्ग पत्करत असे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्स संघाने मिनियापोलिस लेकर्सचे उंचपुरे खेळाडू जॉर्ज मायकन यांना निष्प्रभ करण्यासाठी चेंडू रोखून धरला. तो सामना फोर्ट वेनने १९-१८ असा जिंकला. दोन्ही संघांना मिळून मैदानी फेकीतून केवळ आठ बास्केट करता आले.

चेंडू परत मिळवण्यासाठी मागे पडलेल्या संघाकडे जाणूनबुजून फाऊल करण्यावाचून उपाय नसे. मार्च १९५३ मध्ये बॉस्टन सेल्टिक्स आणि सिरॅक्यूज यांच्यातील बादफेरीचा सामना चार वेळा जादा वेळेत गेला आणि त्यात १०६ फाऊल झाले. बॉस्टनच्या बॉब कूझी यांच्या ५० गुणांपैकी ३० गुण फ्री थ्रोवर आले. अशा रटाळ सामन्यांना प्रेक्षक कंटाळू लागले होते.

चोवीस सेकंदांचे गणित

फेकीला कालमर्यादा असावी, असा विचार प्रशिक्षक हॉवर्ड हॉबसन यांनी पूर्वीच मांडला होता. बियासोन आणि त्यांच्या संघाचे व्यवस्थापक लिओ फेरिस यांनी त्याला निश्चित आकडा दिला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० फेकी करतात, असे त्यांना आढळले. सामन्याच्या ४८ मिनिटांचे २,८८० सेकंद होतात. त्यांना १२० ने भागले असता २४ हा आकडा येतो. या गणिताच्या श्रेयात फेरिस यांचा वाटा मोठा असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

ऑगस्ट १९५४ मध्ये सिरॅक्यूजमधील ब्लॉजेट या हायस्कूलच्या सभागृहात या नियमाचे प्रात्यक्षिक झाले. त्यानंतर १९५४-५५ च्या हंगामापासून एनबीएने हा नियम स्वीकारला. संघाच्या फाऊलांवरही त्याच वेळी मर्यादा आली. एका संघाची सामन्यामागील सरासरी गुणसंख्या आदल्या हंगामात ७९.५ होती, ती नव्या हंगामात ९३.१ झाली.

त्याच हंगामाचे विजेतेपद सिरॅक्यूजने मिळवले. एप्रिल १९५५ मधील निर्णायक सातव्या सामन्यात फोर्ट वेनकडे एका टप्प्यावर १७ गुणांची आघाडी होती. जुन्या नियमांत ती चेंडू रोखून सहज राखता आली असती. घड्याळामुळे ते शक्य झाले नाही आणि सिरॅक्यूजने ९२-९१ असा विजय मिळवला.

नियमाचा प्रसार आणि शालेय खेळातील वाद

आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिबा) १९५६ साली ३० सेकंदांची मर्यादा आणली आणि २००० साली ती २४ सेकंद केली. अमेरिकेतील पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात ४५ सेकंदांचे घड्याळ १९८५-८६ च्या हंगामात सर्वत्र लागू झाले. पुढे ही मर्यादा ३५ आणि २०१५-१६ पासून ३० सेकंद झाली.

ज्या घड्याळाची चाचणी एका हायस्कुलात झाली, ते स्वीकारण्यास शालेय खेळाने मात्र सर्वाधिक वेळ घेतला. काही राज्यांनी ते पूर्वीच लावले होते. तथापि अमेरिकेच्या राष्ट्रीय शालेय महासंघाने राज्यांना ३५ सेकंदांचे घड्याळ वापरण्याची मुभा २०२२-२३ च्या हंगामापासून दिली. यंत्राचा खर्च आणि ते चालवणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीची गरज हे विरोधकांचे आक्षेप आहेत. संथ खेळ हेच दुबळ्या शाळेचे बलाढ्य संघाविरुद्धचे एकमेव अस्त्र असते, असेही ते म्हणतात. मुलांना खेळायला मिळाले पाहिजे, चेंडू धरून उभे राहण्याने कौशल्य वाढत नाही, ही समर्थकांची भूमिका आहे. २०२२ साली ओक्लाहोमा राज्यात वेदरफोर्ड आणि अनाडार्को या शाळांमधील सामना ४-२ असा संपल्याने हा वाद पुन्हा पेटला.

कबड्डीतही हाच विचार दिसतो. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा असते. शिवाय सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो.

उत्तरायुष्य आणि सन्मान

१९६३ साली बियासोन यांनी संघ विकला. तो फिलाडेल्फियाला गेला आणि फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या नावाने आजही खेळतो. लहान शहराच्या संघाला जगवण्यासाठी पुढे आणलेला नियम खेळात टिकला, संघ मात्र त्या शहरात टिकला नाही. बियासोन अखेरपर्यंत सिरॅक्यूजमध्येच राहिले. २५ मे १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. २००० साली नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला. २००५ साली सिरॅक्यूजच्या आर्मरी चौकात चोवीस सेकंद मोजणाऱ्या घड्याळाचे स्मारक उभारण्यात आले.