गावोगावची बोली टिपून घेणारा साहेब : सर जॉर्ज ग्रियर्सन

एखाद्या गावात कोणती भाषा बोलतात, हा प्रश्न इतर ठिकाणी कोणी विचारीत नाही. आम्हा सीमाभागातील माणसांना मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भाषेचे आकडे पुढे आले. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, तेव्हाही आकड्यांवरच वाद झाला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याच्या मुळाशीही खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा हीच सूत्रे आहेत. आकडे आम्हाला तोंडपाठ आहेत. पण भाषा मोजायची कशी, माणसाला काय विचारायचे आणि त्याच्या उत्तरावर किती विसंबायचे, याचा विचार आपल्याकडे कमी झाला. हा विचार ज्याने सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर केला आणि त्यापायी आयुष्याची तीस वर्षे घातली, त्या जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांची ओळख भाषेच्या या पानावर करून द्यावी असे आम्हाला वाटले.

ग्रियर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी आयर्लंडमध्ये डब्लिनजवळ झाला. घराणे छापखानेवाल्यांचे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते गणित शिकले. तेथेच रॉबर्ट अॅटकिन्सन या प्राध्यापकांनी त्यांना संस्कृतची गोडी लावली. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा देऊन १८७३ साली ते बंगाल प्रांतात नोकरीला आले. बिहार त्या वेळी बंगाल प्रांतातच होता आणि ग्रियर्सन यांच्या नोकरीचा बराच काळ तेथेच गेला.

कचेरीत बसलेल्या या तरुण अधिकाऱ्याच्या एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. कागदोपत्री चालणारी भाषा वेगळी आणि समोर हात जोडून उभा असलेला कुळवाडी बोलतो ती वेगळी. लोक आपसात मैथिली, मगही, भोजपुरी बोलत आणि सरकारदरबारी या बोलींना कोणी विचारीत नसे. ग्रियर्सन यांनी मैथिलीचे व्याकरण लिहिले आणि १८८३ ते १८८७ या काळात बिहारच्या बोलींची व्याकरणे एकामागून एक प्रसिद्ध केली. १८८५ साली त्यांचे बिहारी शेतकऱ्याच्या जीवनावरील पुस्तक निघाले. नांगराचे भाग, गाडीचे भाग, विहिरीची मोट, भांडीकुंडी, पिके, जमिनीचे प्रकार, लग्नातले विधी अशा शेकडो गोष्टींना त्या त्या भागात काय म्हणतात याची ती चित्रांसह केलेली नोंद आहे. अशी नोंद टेबलाशी बसून होत नाही. वस्तू पुढे ठेवून, ती वापरणाऱ्यालाच तिचे नाव विचारावे लागते. पुढच्या मोठ्या कामाचा पाया येथेच पडला.

१८८६ साली व्हिएन्ना येथे प्राच्यविद्या पंडितांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हिंदुस्थानातील भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारने करावी, असा ठराव तेथे झाला. त्यामागे ग्रियर्सन यांचा पुढाकार होता. सरकारी गाडा सावकाशच हलतो. १८९४ साली कामाला प्रारंभ झाला आणि १८९८ साली ग्रियर्सन यांना या पाहणीचे प्रमुख नेमण्यात आले.

आता त्यांची रीत पाहू, कारण आमच्या दृष्टीने सगळे मर्म तिच्यात आहे. जनगणनेत माणसाला भाषेचे नाव विचारतात. ग्रियर्सन यांचा अनुभव असा की, साध्या माणसाला शेजारच्या मुलखातील बोलीचे नाव ठाऊक असते, स्वतःच्या बोलीचे नसते. तो नुसता बोलतो. नाव बहुधा दुसऱ्यांनी ठेवलेले असते. कोणी जातीचे नाव सांगतो, कोणी गावाचे, तर कोणी विचारणाऱ्याला आवडेल ते. म्हणून नुसत्या नावावर थांबायचे नाही, प्रत्यक्ष बोलीचा नमुना घ्यायचा, असे त्यांनी ठरविले.

प्रथम जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलींची नावे आणि बोलणाऱ्यांचे अंदाजी आकडे मागविले. मग प्रत्येक बोलीचे तीन नमुने घेण्याची व्यवस्था केली. पहिला नमुना म्हणजे बायबलातील उधळ्या मुलाच्या गोष्टीचे भाषांतर. ही गोष्ट धर्मप्रचारासाठी निवडलेली नव्हती. तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, नामाच्या बहुतेक विभक्ती येतात आणि क्रियापदाचे तिन्ही काळ येतात. एकच गोष्ट सगळीकडे घेतल्याने बोलींची तुलना करता येते. येथील लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून तिच्यात थोडे शब्द बदलले होते. दुसरा नमुना त्या बोलीतीलच एखाद्या कथेचा, गीताचा किंवा जबानीचा. भाषांतर करताना माणूस मूळ मजकुराच्या वळणाने जातो, तो दोष या दुसऱ्या नमुन्यात राहत नाही. तिसरा नमुना म्हणजे ठरावीक शब्दांची आणि वाक्यांची यादी. आकडे, शरीराचे अवयव, नातीगोती आणि घोड्याचे वय किती, येथून काश्मीर किती दूर अशी साधी वाक्ये तिच्यात होती.

याचा उपयोग काय, हे आमच्या वाचकांना घरच्याच उदाहरणाने कळेल. पुण्याचा माणूस मी भाकरी खाल्ली म्हणतो, आमच्याकडे मी भाकरी खाल्लो म्हणतात. भाषेचे नाव विचारले तर दोघेही मराठी असेच सांगतील. फरक कळतो तो भूतकाळातले वाक्य बोलायला लावल्यावर. अण्णा, अक्का, अडकित्ता, तूप हे कानडीशी नाते सांगणारे शब्द तर सगळ्या महाराष्ट्रात घरोघर आहेत. भाषेच्या नावात हे काही दिसत नाही, नमुन्यात दिसते.

१९०३ साली ग्रियर्सन नोकरीतून निवृत्त झाले आणि इंग्लंडमध्ये कँबर्ली येथे राहिले. काम मात्र सुटले नाही. त्याच वर्षापासून पाहणीचे खंड छापून येऊ लागले आणि १९२८ पर्यंत येत राहिले. एकूण अकरा खंड, एकोणीस भाग. गणती १७९ भाषा आणि ५४४ बोली इतकी झाली. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताचा त्यात मोठा वाटा होता. देशी, कोकणपट्टीतील बोली, वऱ्हाडी-नागपुरी यांचे नमुने त्यात आहेत. पुढे काही बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही उतरविण्यात आल्या. १९१२ साली ग्रियर्सन यांना सर ही पदवी मिळाली, १९२८ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळाला. ९ मार्च १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.

या कामात उणिवा होत्या आणि त्या झाकून ठेवणे बरे नव्हे. नमुने गोळा करणारे बहुतेक लोक सरकारी नोकर, शिक्षक, मिशनरी होते. भाषाशास्त्राचे शिक्षण त्यांना नव्हते. साहेबाच्या कचेरीतून कागद आला की माणूस जरा सुधारूनच बोलतो, हे आम्ही आजही पाहतो. दुसरे असे की मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद ही संस्थाने या पाहणीत नव्हती. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे मुंबई इलाख्यात असल्याने आले, पण बिदर आणि गुलबर्गा राहिले. म्हणजे मराठी आणि कानडी जेथे भेटतात त्या लांबच लांब पट्ट्याचा एक मोठा भाग पाहिलाच गेला नाही.

त्यांच्या निष्कर्षांवरही पुढे वाद झाले. भारतीय आर्यभाषांची आतील आणि बाहेरील अशी जी विभागणी त्यांनी केली आणि मराठीला बाहेरच्या वर्तुळात बसविले, तिला सुनीतिकुमार चॅटर्जी यांनी १९२६ साली आपल्या ग्रंथात जोरदार आक्षेप घेतला. कोकणी ही सातव्या खंडात मराठीची बोली म्हणून आली. त्या एका नोंदीचा आधार गोव्यातील भाषावादात वर्षानुवर्षे दिला गेला. शेवटी साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र भाषा मानले आणि १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. निष्कर्ष मागे पडला तरी गोळा केलेले नमुने मोलाचे राहिले. पुरावा आणि त्यावरून काढलेले अनुमान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, हा धडा येथे मिळतो.

आणखी एक गोष्ट सीमाभागाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ग्रियर्सन यांनी भाषांचे नकाशे काढले, पण शेजारच्या भाषा बहुधा हळूहळू एकमेकींत मिसळत जातात, नकाशावरची रेघ ही सोयीची असते, हे त्यांनी स्पष्ट मांडले. रेघ ओढणारे हे विसरले. आम्हीही कधीकधी विसरतो. आमचा हक्काचा लढा न्याय्य आहे, असे आम्ही मानतो. पण ज्या गल्लीत मराठी आणि कानडी घरे भिंतीला भिंत लावून आहेत, तेथे दोन्ही भाषा बोलणारी आजी कोणत्या रकान्यात घालायची, याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नाही.

आकड्यांचे पुढे काय होते तेही पाहावे. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे सांगितली. छाननी करून ती १,३६९ वर आली आणि दहा हजारांहून अधिक लोक बोलतात अशा भाषा शेवटी १२१ धरल्या गेल्या. अलीकडे वडोदऱ्याच्या भाषा संस्थेच्या गणेश देवी यांनी २०१० पासून लोकांच्या मदतीने नवी पाहणी केली, तिच्यात ७८० भाषांची नोंद झाली. देश तोच, पण मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो.

२०२१ साली व्हायची जनगणना झाली नाही. पुढची २०२७ साठी जाहीर झाली आहे. गणनेचा माणूस दारात येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले ते घरातल्या शिकलेल्या मुलाने डोळ्यांखालून घालावे. लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती आपली मातृभाषा, हा साधा नियम आहे. भीतीने कमी सांगू नये आणि ईर्ष्येने जास्तही सांगू नये. आणि एवढ्यावर न थांबता गावातील वृद्ध माणसांच्या गोष्टी, जात्यावरची गाणी, शेतीचे शब्द वहीत उतरवून ठेवावेत, फोनवर आवाज टिपून ठेवावा. परक्या देशातून आलेल्या एका अधिकाऱ्याने आपल्या देशातील बोलींसाठी तीस वर्षे दिली. आपल्या घरातल्या बोलीसाठी आपण निदान सुट्टीतल्या चार दुपारी द्यायला हरकत नसावी.