आरीची जखम: लुई ब्रेलचे दोन्ही डोळे कसे गेले?

बीड शहराचे नाव जुन्या गॅझेटियरमध्ये दोन वस्तूंसाठी आले आहे. एक गुप्ती आणि दुसरी चामड्याची छागल. प्रवासात पाणी गार ठेवणारी ही पिशवी शिवायची तर आधी चामड्याला आरीने भोक पाडायचे आणि मग त्यातून दोरा ओढायचा. छागल आता दिसत नाही. आरी मात्र वेगळ्या रूपात घराघरात आली आहे. ब्लाऊजवर ‘आरी वर्क’ करून चार पैसे मिळवणाऱ्या बायका आज बीड, अंबाजोगाई, गेवराई अशा गावांत सहज भेटतात. त्यांच्या हातातली आकडीची सुई ही त्या जुन्या आरीचीच नाजूक बहीण. गोधडी शिवायचा दाभण, शिलाई मशीनची सुई, कात्री ही तर प्रत्येक घरातली अवजारे. जमिनीवर बसून काम चालते, त्यामुळे ती रांगत्या मुलाच्या हाताशीच पडलेली असतात.

अशाच एका घरातल्या आरीने झालेली जखम साऱ्या जगाला ठाऊक आहे. ज्याला झाली, त्याच्या नावाने आज अंधांची लिपी ओळखली जाते. ती जखम नेमकी काय होती आणि एका डोळ्याला लागलेले असताना दोन्ही डोळे का गेले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

लुई ब्रेलचा जन्म 4 जानेवारी 1809 रोजी पॅरिसच्या पूर्वेला असलेल्या कूव्रे या खेड्यात झाला. वडील सिमॉन-रने खोगिरे आणि लगाम बनवत. आपल्याकडे जिनगर करत तोच हा धंदा. आई मोनिक. चार भावंडांत लुई शेंडेफळ. वडिलांचे कामाचे ठिकाण घराच्याच आवारात होते. तिथे चामड्याचे तुकडे, रापीसारख्या सुऱ्या, आऱ्या, मेण लावलेला दोरा असे सगळे भिंतीला टांगलेले किंवा फळीवर पडलेले असे. मुलाला तिथे खेळायला आवडे, यात नवल काही नाही. बाप जे करतो ते करून पाहावे असे कोणत्या तीन वर्षांच्या पोराला वाटत नाही?

1812 साल. लुई तीन वर्षांचा होता. वडिलांचे लक्ष नसताना त्याने चामड्याचा तुकडा घेतला आणि त्याला टोकदार अवजाराने भोक पाडायचा प्रयत्न केला. ते अवजार आरी होते की वाकडी सुरी, यावर चरित्रकारांचे एकमत नाही. आरी हाच अधिक प्रचलित तपशील. कमावलेले चामडे कडक आणि गुळगुळीत असते. लहान मुलाच्या हातात जोर कमी, म्हणून ते तोंड जवळ नेते, डोळे बारीक करते आणि सगळा भार टाकून दाबते. टोक चामड्यात न शिरता निसटले की ते त्याच भाराने वर येते. लुईच्या बाबतीत ते एका डोळ्यात घुसले.

घरच्यांनी त्या काळी करता येण्यासारखे सगळे केले. डोळ्यावर पट्टी बांधली, गावातले औषध झाले. लिलीच्या फुलांचे पाणी लावल्याचे सांगतात. वैद्याला दाखवले. पण जखमी डोळा चिघळला. पुढे काही दिवसांत दुसराही लाल झाला, सुजला, त्याची दृष्टी मंद होत गेली. पाचव्या वर्षापर्यंत मुलगा पूर्ण आंधळा झाला होता. आपल्याला दिसत नाही हे कळण्याइतकाही तो मोठा नव्हता. सारखा अंधार का आहे असे तो घरच्यांना विचारी, असे त्याच्या चरित्रांत येते.

दुसऱ्या डोळ्याला तर काहीच लागले नव्हते. मग तो का गेला? एका डोळ्यातला जंतुसंसर्ग दुसऱ्यात पसरला, असे पूर्वी सरसकट लिहिले जाई. आजच्या नेत्रतज्ज्ञांना अधिक पटणारे कारण वेगळे आहे. त्याला ‘सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मिया’ म्हणतात. मराठीत सांगायचे तर एका डोळ्याच्या दुखण्यात दुसऱ्याने सामील होणे. डोळ्याच्या आतला रंगद्रव्य असलेला थर एरवी शरीराच्या संरक्षण यंत्रणेच्या नजरेआड असतो. डोळा फुटला की त्यातली प्रथिने बाहेर येतात. आपल्या पांढऱ्या पेशींची त्यांच्याशी आधी ओळखच नसते, म्हणून त्यांना परके समजून हल्ला सुरू होतो. तीच प्रथिने दुसऱ्या डोळ्यातही असल्यामुळे हा हल्ला तिथेही पोहोचतो. म्हणजे जंतू नसतानाही, शरीर स्वतःचाच धडधाकट डोळा खाऊन टाकते. बहुतेक वेळा हे जखमेनंतर दोन आठवडे ते तीन महिन्यांत सुरू होते, क्वचित काही वर्षांनीही. स्कॉटलंडमधले नेत्रतज्ज्ञ विल्यम मॅकेंझी यांनी या विकाराचे नीट वर्णन केले, तोवर लुई मोठा झाला होता. आणि त्यावर खऱ्या अर्थाने चालणारे औषध, म्हणजे स्टेरॉइड, यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

थोडक्यात, सिमॉन-रने यांनी मुलाला त्याच दिवशी पॅरिसच्या सर्वांत मोठ्या डॉक्टरकडे नेले असते, तरी फार काही हाती लागले नसते. आज तसे नाही. भोक पडलेला डोळा वेळेत, शक्यतो 24 तासांच्या आत शिवला आणि प्रतिजैविके दिली तर बऱ्याचदा तो वाचतो. दुसऱ्या डोळ्याला धोका होण्याचे प्रमाण आता हजार जखमींत दोन ते पाच इतके खाली आले आहे, आणि झालाच तर स्टेरॉइड व इतर औषधांनी दृष्टी राखता येते. अट एकच, रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे.

अडचण इथेच येते. टोकदार वस्तूची जखम अनेकदा दिसतच नाही. सुईने पडलेले भोक आपोआप मिटते, दुखणे कमी होते आणि घरात सगळ्यांना वाटते की निभावले. जाड कापडावर मशीनची सुई मोडते तेव्हा तिचा तुकडा वेगाने उडतो. तो डोळ्यात शिरला तर काही वेळा फक्त कचरा गेल्यासारखे वाटते. आत राहिलेले लोखंड गंजत जाते आणि महिन्यांनी नजर अधू करते. सुई मोडली आणि टोक सापडत नाही, डोळ्याला टोचल्याची शंका आहे, बाहुली गोल न राहता एका बाजूला ओढल्यासारखी दिसते आहे किंवा धुरकट दिसते आहे, तर डोळा पाहवून घेण्याला पर्याय नाही. धातूची शंका असेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगावे. अशा वेळी एमआरआय चालत नाही, कारण चुंबकाने तुकडा आत हलतो.

तोवर घरी काय करायचे? फार थोडे. डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही, रुतलेले काही ओढून काढायचे नाही. भोक पडल्याची शंका असेल तर पाण्याने धुवायचाही नाही. कागदी कपाचा तळ कापून किंवा तसेच काही कडक झाकण डोळ्याला न टेकता भोवतीच्या हाडावर बसवायचे आणि चिकटपट्टी लावायची. कापसाचा बोळा दाबून बांधायचा नाही. मूल असेल तर वाटेत काही खाऊ घालू नये, भूल द्यावी लागू शकते. मध, तूप, तुळशीचा रस, बाळंतिणीचे दूध यांतले काहीही डोळ्यात घालू नये. लिलीच्या पाण्याला दोनशे वर्षे झाली, पण आपल्याकडचे त्याचे भाऊबंद अजून गेलेले नाहीत. बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल ते गाठावे. जखम शिवून घरी आल्यावरही काम संपत नाही. पुढचे काही महिने चांगल्या डोळ्याला उजेड सहन होईनासा झाला, तो लाल झाला किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी परत जावे. लुईचा दुसरा डोळा असाच गेला होता.

आंधळ्या झालेल्या मुलाचे कूव्रेत काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. त्या काळी अशा मुलाच्या नशिबी बहुधा भीक असे. ब्रेल कुटुंबाने त्याला घरात बसवले नाही. वडिलांनी त्याला काठ्या करून दिल्या आणि गोल डोक्याचे खिळे फळीवर ठोकून अक्षरे बोटांनी ओळखायला शिकवली. ज्या कामाच्या जागी अपघात झाला, तिथेच हे शिक्षण झाले. बापाच्या मनात काय चालले असेल, याची नोंद कुठे नाही. गावचे धर्मगुरू पालुई आणि शिक्षक बेशरे यांनी त्याला डोळस मुलांबरोबर शाळेत बसवले. नुसते ऐकून तो वर्गात पुढे राही.

फेब्रुवारी 1819 मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेत दाखल झाला. व्हालांतां आउई यांनी स्थापलेली ही जगातली अशी पहिली शाळा. इमारत जुनी, ओलसर आणि कोंदट होती. शिकवायचे ते चांगले, पण पुस्तके म्हणजे नेहमीचीच अक्षरे कागदावर मोठी उठवलेली. एकेक अक्षर चाचपायला वेळ लागे, पुस्तक उचलवत नसे, आणि मुलाला स्वतः काही लिहिता येत नसे. मुले हस्तकलाही शिकत. विणकाम आणि सपाता बनवणे यांत लुईने बक्षिसे मिळवली. आरीने डोळे गेलेला मुलगा पुन्हा हाताने वस्तू घडवू लागला. घरातल्या एका अपघातानंतर मुलाच्या हातातून सगळीच अवजारे काढून घेणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

1821 च्या सुमारास शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची उठावदार ठिपक्यांची पद्धत संस्थेत आली. कल्पना नामी होती, पण एका खुणेत 12 पर्यंत ठिपके असत. ते एका बोटाखाली मावत नसत. शिवाय खुणा उच्चारांच्या होत्या, शुद्धलेखनाच्या नव्हत्या. लुईने त्यावर तीन वर्षे डोके चालवले. 1824 मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याची सहा ठिपक्यांची पद्धत तयार झाली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. बोटाच्या टोकाला एका स्पर्शात कळेल एवढे अक्षर. त्याचे पुस्तक 1829 मध्ये निघाले, सुधारित आवृत्ती 1837 मध्ये. संगीतासाठीही त्याने याच ठिपक्यांची लिपी केली.

पुढे ब्रेल त्याच संस्थेत शिक्षक झाले. पॅरिसच्या चर्चमध्ये ते ऑर्गनही वाजवत. पण लिपीला मान्यता मिळेना. डोळस शिक्षकांना स्वतःला वाचता येईल अशीच अक्षरे हवी होती. 1840 मध्ये संचालक झालेल्या द्युफो यांनी तर ही लिपी बंद केली. मुले चोरून ती वापरत राहिली. उपप्रमुख ग्वादे यांनी संचालकांचे मन वळवले आणि 1844 मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनाला तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

दरम्यान जुन्या इमारतीने आपला वाटा घेतला होता. पंचविशीच्या आसपासच ब्रेल यांना क्षयाची लक्षणे दिसू लागली होती. क्षयाचे जंतू सापडायला तेव्हा आणखी पाच दशके होती. 6 जानेवारी 1852 रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना, ते गेले. फ्रान्सने लिपी अधिकृत केली ती 1854 मध्ये. 1952 मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पांथेआँमध्ये नेले, हात मात्र कूव्रेनेच ठेवून घेतले.

अपघात झाला नसता तर ही लिपी झाली नसती, असे भाषणांतून ऐकू येते. हे म्हणणे सोपे आहे, पण त्या तीन वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहिले तर थोडे निर्दयही. त्याच आरीने, सुईने, कात्रीने डोळे गेलेली आणि मागे काहीच न राहिलेली मुले किती असतील!

मुंबईत अ‍ॅना मिलार्ड यांनी 1900 मध्ये अंधांची शाळा काढली, त्याच्या आधी 1887 मध्ये अमृतसरला एक सुरू झाली होती. आपल्याकडे प्रांतोप्रांती वेगवेगळे ठिपके चालत. 1951 मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. तिच्यात ‘ब’ साठी तेच दोन ठिपके आहेत, जे लुईने फ्रेंच ‘बी’ ला दिले होते. ‘बीड’ हे नाव लिहायला एकूण आठ ठिपके लागतात: ‘ब’ चे दोन, दीर्घ ‘ई’ चे दोन आणि ‘ड’ चे चार. ते उजवीकडून डावीकडे, कागदाच्या मागच्या बाजूने टोचायचे असतात. टोचायचे साधन म्हणजे लाकडी मुठीची एक छोटी आरीच, फक्त टोक बोथट केलेली.