डॉ. कमल रणदिवे

मनुष्याचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. एका पेशीच्या दोन पेशी होतात आणि त्यामुळे शरीराची वाढ होते. या वाढीस निसर्गाने मर्यादा घातलेली असते. ती मर्यादा सुटली म्हणजे कर्करोग उद्भवतो. ती का सुटते, हे शोधण्यासाठी डॉ. कमल रणदिवे यांनी आपले आयुष्य वेचले.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दिनकर समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या कमलचा ओढा मात्र सजीवांची घडण जाणून घेण्याकडे होता. तिने तोच मार्ग धरला. १९३९ मध्ये विवाह झाल्यावरही अभ्यास खंडित झाला नाही. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून १९४३ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या.

पुढे मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली उंदरांवर संशोधन करून त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळविली. नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, शरीरातून काढलेल्या पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढविण्याची विद्या त्या शिकल्या. मायदेशी परतून त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात अशा कामाची भारतातील पहिली प्रयोगशाळा उभारली. स्तनांच्या कर्करोगाशी आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा काय संबंध आहे, याचा त्यांनी चिकाटीने शोध घेतला. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालिका होत्या. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या उमेदीच्या काळात अज्ञात असलेल्या कितीतरी गोष्टी पुढे उघड झाल्या. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील डीएनए या आनुवंशिक द्रव्याची हुबेहूब प्रत निघते. या कामाचा आरंभ करून देणाऱ्या जनुकांपैकी एक म्हणजे मनुष्याच्या सतराव्या गुणसूत्रावरील सीडीसी-६. त्यापासून घडणारे प्रथिन डीएनएच्या ठरावीक जागी बसून प्रत काढण्याची सिद्धता करते. एका विभाजनात ही प्रत एकदाच निघावी, असा नियम आहे. कित्येक कर्करोगांत हे प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेले आढळते.

कमलताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आजही पुरते हाती आलेले नाही. परंतु त्यांनी उजळलेल्या वाटेवरून अनेक तरुण संशोधक पुढे गेले. ज्ञानाचे कार्य असेच एका हातातून दुसऱ्या हाती जात असते.