हाइनरिश केब्नर : ‘फुलपाखरू मुलां’च्या आजाराला नाव देणारा डॉक्टर

नवी चप्पल चावली की पायाला फोड येतो, हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण काही बाळांना कपड्याची शिवण घासली किंवा नुसतं कडेवर उचललं, तरी अंगावर फोड उठतात. त्वचा फुलपाखराच्या पंखासारखी नाजूक, म्हणून जगभर त्यांना ‘फुलपाखरू मुलं’ म्हणतात. आजाराचं नाव एपिडर्मोलिसिस बुलोसा, म्हणजेच ईबी.

हे नाव १८८६ साली दिलं जर्मन डॉक्टर हाइनरिश केब्नर यांनी. कोण होते ते?

स्वतःच्याच अंगावर प्रयोग

केब्नर यांचा जन्म १८३८ साली ब्रेस्लाऊमध्ये झाला. हे शहर तेव्हा प्रशियात होतं. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्सवाफ म्हणतात. १८५९ मध्ये डॉक्टर झाल्यावर ते व्हिएन्नाला गेले. तिथे फर्डिनांड फॉन हेब्रा हे त्या काळातले नावाजलेले त्वचारोगतज्ज्ञ शिकवत होते. पुढे त्यांनी पॅरिसमध्येही शिक्षण घेतलं.

गजकर्णासारखे आजार बुरशीमुळे होतात का, यावर तेव्हा वाद सुरू होता. केब्नर यांनी बुरशीची लागण स्वतःच्याच अंगावर करून घेतली आणि ते चट्टे वैद्यकीय सभेत सगळ्यांना दाखवले!

घोडा चावला आणि कोडं सुटलं

सोरायसिसच्या एका रुग्णाला घोडा चावला. जखमेच्या जागी सोरायसिसचे चट्टे उमटले. गोंदवून घेतल्यावर तिथेही तसंच झालं. इजा झालेल्या जागी आजार उमटतो, हे केब्नर यांनी १८७० च्या दशकात मांडलं. त्वचारोगाचे विद्यार्थी आजही याला ‘केब्नर फिनॉमेनॉन’ म्हणतात.

ब्रेस्लाऊमध्ये त्यांनी त्वचारोगांचं काम उभं केलं. मात्र तब्येतीने साथ दिली नाही आणि ते बर्लिनला गेले.

नावात काय आहे?

फोड येण्याचे आजार अनेक. त्या काळात त्यातल्या बऱ्याच आजारांवर पेम्फिगस हेच लेबल लागायचं. हेब्रांनीही १८७० मध्ये आनुवंशिक पेम्फिगस असंच नाव वापरलं होतं. १८८२ मध्ये आल्फ्रेड गोल्डशायडर यांनी एकाच कुटुंबात दिसणाऱ्या फोडांची नोंद केली.

केब्नर यांनी या आजाराला स्वतंत्र नाव दिलं : एपिडर्मोलिसिस बुलोसा हेरेडिटारिया. अर्थ सोपा आहे. त्वचेचा वरचा थर सुटतो, फोड येतात आणि हे घराण्यात चालत येतं. गंमत म्हणजे जनुक हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. मेंडेल यांचं आनुवंशिकतेवरचं संशोधनही १९०० पर्यंत दुर्लक्षितच राहिलं. केब्नर १९०४ मध्ये बर्लिनमध्ये वारले.

मग कारण कधी सापडलं?

१९९१ मध्ये. ईबीच्या ‘सिम्प्लेक्स’ प्रकारात केराटिन ५ आणि केराटिन १४ ही प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांत बिघाड असतो, हे कळलं. ही प्रथिनं त्वचेच्या पेशींना आतून आधार देतात. घराचा सांगाडाच कच्चा असला तर काय होईल? तसंच इथे होतं. थोडं घासलं की पेशी फाटते, पाणी साठतं आणि फोड येतो.

‘डिस्ट्रॉफिक’ प्रकारात दोष कोलॅजेन ७ मध्ये असतो. हे प्रथिन त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवतं.

आई-वडील निरोगी, मग बाळाला का?

काही प्रकारांत आई किंवा वडील यांच्याकडून सदोष जनुकाची एकच प्रत आली तरी आजार होतो. काही प्रकारांत दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. अशा वेळी आई-वडील दोघंही ठणठणीत असतात, पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. कधी कधी बिघाड बाळातच नव्याने होतो.

म्हणजे हा आईने गरोदरपणात काही खाल्ल्याचा परिणाम नाही, कुणाची नजर नाही आणि कुणाचं पापही नाही. तो स्पर्शाने पसरत नाही. या मुलांसोबत खेळता येतं, जेवता येतं. काळजी फक्त त्यांची त्वचा घासू नये याची घ्यायची.

२०२३ मध्ये अमेरिकेने डिस्ट्रॉफिक ईबीसाठी जखमेवर लावायच्या जनुकीय जेलला मंजुरी दिली. आजार मुळापासून बरा करणारा उपचार अजून नाही. पण नेमका प्रकार जनुकीय तपासणीतून कळतो आणि पुढच्या बाळाचा विचार करणाऱ्या आई-वडिलांना समुपदेशन मिळू शकतं.

केब्नर यांनी नावात ‘आनुवंशिक’ हा शब्द घातला. त्यामागचं जनुक सापडायला १०५ वर्षं लागली.