विल्यम टेंपल हॉर्नडे

प्राण्यांची बाग म्हटली म्हणजे पिंजरे, सिंहाची डरकाळी आणि माकडांपुढे टाकलेले फुटाणे हेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. परंतु जो प्राणी रानातून नाहीसा होत चालला आहे त्याचे बीज जतन करावे व ते पुन्हा रानात पेरावे, हेही अशा बागेचे कर्तव्य होय. ही गोष्ट ज्यांनी आरंभीच्या काळात प्रत्यक्ष करून दाखविली त्यांत अमेरिकेतील विल्यम टेंपल हॉर्नडे यांची गणना अग्रभागी करावी लागते. त्यांचे चरित्र निष्कलंक नाही. म्हणूनच ते मुलांपुढे पुरतेपणी ठेवावे असे आम्हांस वाटते.

हॉर्नडे यांचा जन्म १८५४ साली इंडियाना प्रांतात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. पोरवयातच मातापितरांचे छत्र हरपले. कॉलेजात असता मृत प्राण्यांची कातडी भरून त्यांस जिवंताप्रमाणे उभे करण्याच्या कलेचा त्यांस नाद लागला, आणि तोच त्यांचा व्यवसाय झाला. नमुने मिळविण्याकरिता १८७७ सालापासून सुमारे दोन वर्षे ते हिंदुस्थान, सिलोन, मलाया व बोर्निओ या देशांत फिरले. यमुनेतील सुसरी, अण्णामलै डोंगरातील हत्ती, बोर्निओतील ओरांगउटान असे कित्येक जीव त्यांच्या बंदुकीस बळी पडले. त्या काळी यास शास्त्रसेवा म्हणत.

१८८२ साली वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात या कामाचे मुख्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, बायसनचे बरे नमुने संग्रहालयात नाहीत. (आपल्याकडील शिकारी गव्यासही बायसन म्हणत; पण अमेरिकेतील हा लोकरी खांद्यांचा प्राणी निराळा.) एके काळी हे प्राणी कोट्यवधींच्या संख्येने तेथील माळरानांवर चरत होते. पुढे आगगाड्या आल्या, कातड्यांचा व्यापार भरभराटीस आला, आणि ज्या मूळ रहिवाशांचे अन्नवस्त्र या प्राण्यावर अवलंबून होते त्यांची उपासमार झाली तरी कोणी हात आवरला नाही. १८८६ साली हॉर्नडे माँटाना प्रांतात गेले, तेव्हा पांढरी पडलेली हाडे सर्वत्र दिसत; जिवंत जनावर मात्र दिवसेंदिवस दृष्टीस पडेना. तरीही वीसांहून अधिक बायसन त्यांनी मारलेच. आपण न मारले तर कातडीवाले मारतील, निदान पुढील पिढ्यांस नमुना तरी पाहावयास मिळावा, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नसेलही, पण तो करताना त्यांचे मन स्वस्थ राहिले नाही. त्याच वर्षी हाती लागलेले एक वासरू त्यांनी जिवंत वॉशिंग्टनला आणले. त्याचे नाव सँडी. ते थोड्याच काळात मेले.

येथून या शिकाऱ्याचा मार्ग पालटला. १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी देशोदेशी पत्रे पाठवून जमविलेली मोजणी मांडली. साऱ्या उत्तर अमेरिकेत मिळून बायसन उरले होते अवघे १,०९१. त्यांतही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रक्षणावाचून मोकळे फिरणारे केवळ ८५! ज्या प्राण्याची कोणी गणती करू धजत नसे, त्याची आता वर्गातील मुलांप्रमाणे हजेरी घेता येऊ लागली. त्याच वर्षी त्यांच्या खटपटीने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाचा कायदा झाला. वरिष्ठांशी न पटल्यामुळे ते तेथे टिकले नाहीत. परंतु १८९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील नव्या बागेचे संचालकपद त्यांजकडे आले, व ते त्यांनी तीस वर्षे सांभाळले.

या बागेत त्यांनी बायसनचा कळप वाढविला. १९०५ साली बायसनच्या रक्षणार्थ मंडळी स्थापन झाली. तिचे अध्यक्ष हॉर्नडे व सन्माननीय अध्यक्ष राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट. ऑक्टोबर १९०७ मध्ये सहा नर व नऊ माद्या स्वतंत्र लाकडी खोक्यांत घालून आगगाडीने ओक्लाहोमातील विचिटा येथील राखीव रानाकडे रवाना केल्या. ज्या आगगाडीच्या खिडक्यांतून प्रवाशांनी करमणुकीखातर या प्राण्यावर गोळ्या झाडल्या होत्या, तीच आता त्यास घरी पोहोचवीत होती. उतरण्याच्या ठिकाणी कोमांची लोकांचा नायक क्वाना पार्कर स्वागतास आला होता. त्याने आपल्या तरुणपणी ते मोठे कळप पाहिले होते. आम्हांस या साऱ्या चरित्रात हाच प्रसंग सर्वांत हृद्य वाटतो.

परंतु त्याआधी एकच वर्ष, सप्टेंबर १९०६ मध्ये, याच बागेत जे घडले तेही सांगितले पाहिजे. काँगोतून आणलेला ओटा बेंगा नावाचा एक तरुण माकडांच्या घरात, ओरांगउटानाच्या सोबत, लोकांस पाहण्याकरिता ठेवण्यात आला. हजारो लोक लोटले. न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय बाप्टिस्ट पाळकांनी, जेम्स गॉर्डन हे त्यांचे पुढारी, निकराने निषेध केला. हॉर्नडे यांस त्यात काही गैर दिसले नाही. पशूंविषयी ज्याचे अंतःकरण द्रवले त्यास देवाच्या प्रतिरूपाचा मनुष्य ओळखता आला नाही, हे वाचून आमचे मस्तक खाली जाते. विद्वत्तेने डोळे मिटले असता ते उघडे ठेवणारे आमचे धर्मबंधू होते, एवढेच समाधान. महिनाअखेर पाळकांनी त्या तरुणास अनाथाश्रमात नेले; पण त्याचे मन सावरले नाही, आणि १९१६ साली त्याने स्वतःच आपल्या आयुष्याचा शेवट केला. बाग चालविणाऱ्या संस्थेने याबद्दल उघड क्षमा मागितली ती २०२० साली.

पुढे हॉर्नडे यांनी फर-सीलांच्या रक्षणाकरिता व टोप्यांच्या पिसांसाठी होणाऱ्या पक्षिहत्येविरुद्ध लेखणी झिजविली. १९११ साली चार राष्ट्रांत सीलांविषयी करार झाला. १९१३ साली अमेरिकेत रानपक्ष्यांची पिसे आणण्यास बंदी झाली. १९२६ साली ते निवृत्त झाले आणि ६ मार्च १९३७ रोजी निवर्तले. यलोस्टोनमधील एका पर्वतास त्यांचे नाव दिलेले आहे. विचिटाच्या त्या पंधरा जनावरांचा कळप आता सुमारे साडेसहाशेंचा झाला आहे. रानातील गवतास पुरेल तेवढाच तो ठेवून उरलेली जनावरे इतरत्र पाठवितात.