खिशातल्या हत्याराचा शिल्पकार : कार्ल एल्सेनर

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, पांढरकवडा परिसरातून जातो. जगदंबेच्या दर्शनाला येणारे भाविक, टिपेश्वर अभयारण्याकडे वळणारे पर्यटक आणि दक्षिणेकडे धावणारे मालट्रक यांची येथे सतत वर्दळ असते. अशा महामार्गावर वाहन उलटले, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पोहोचेपर्यंतची मिनिटे मोलाची ठरतात. आत अडकलेल्याचा सीटबेल्ट कापण्यासाठी, दाराची काच फोडण्यासाठी हाताशी काय आहे, यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो. त्यासाठी जवळ बाळगायचा घडीचा चाकू कसा निवडावा, हे समजून घेताना एका स्विस कारागिराचे चरित्र आजही मार्गदर्शक ठरते.

कार्ल एल्सेनर यांचा जन्म १८६० मधला. वडिलांचा व्यवसाय टोप्या तयार करण्याचा होता. कार्ल यांनी मात्र चाकू-सुऱ्या घडविण्याची विद्या पत्करली. पॅरिस आणि जर्मनीतील टुटलिंगेन येथे उमेदवारी करून ते मायदेशी परतले आणि १८८४ मध्ये श्वीझ प्रांतातील इबाख या गावी त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. त्या काळी स्वित्झर्लंडच्या या भागात रोजगार अपुरा होता आणि अनेक कुटुंबे पोटासाठी परदेशाची वाट धरत होती. गावातल्या हातांना गावातच काम मिळावे, ही एल्सेनर यांची तळमळ होती.

त्याच सुमारास स्विस लष्कराने प्रत्येक सैनिकाला घडीचा चाकू देण्याचे ठरविले. सैनिकाला डबाबंद अन्न उघडता यावे आणि नव्या रायफलीचे भाग सुटे करता यावेत, ही त्यामागची निकड. म्हणून पाते, भोक पाडण्याचा टोच्या, डबा उघडण्याचे हत्यार आणि स्क्रूड्रायव्हर अशी चारच अवजारे लाकडी मुठीत बसविण्यात आली. परंतु देशात एवढी मोठी मागणी पुरविणारा कारखाना नव्हता. १५ हजार चाकूंचे पहिले काम जर्मनीतील झोलिंगेनच्या कंपनीकडे गेले. एल्सेनर यांनी देशातील कारागिरांची संघटना उभारून १८९१ मध्ये हे काम हाती घेतले. मात्र जर्मन माल स्वस्त पडत होता. सोबतचे कारागीर एकेक करून बाजूला झाले, एल्सेनर यांची पुंजी संपली आणि ते दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. नातेवाइकांच्या आधाराने त्यांनी कारखाना कसाबसा तगवून धरला.

त्यांना तारले ते त्यांच्याच कल्पकतेने. एकाच स्प्रिंगवर मुठीच्या दोन्ही बाजूंची अवजारे पेलण्याची युक्ती त्यांनी शोधली. चाकू हलका झाला, अवजारे मात्र वाढली. हा अधिकाऱ्यांचा चाकू १२ जून १८९७ रोजी नोंदविला गेला. लष्कराने तो अधिकृतपणे दिला नाही, तरी अधिकारी तो पदरचे पैसे मोजून घेऊ लागले. १९०९ मध्ये आई व्हिक्टोरिया यांचे निधन झाल्यावर एल्सेनर यांनी तिचेच नाव आपल्या मालाला दिले. १९१८ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. पुढे १९२१ मध्ये गंजरोधक पोलादाच्या वापरानंतर त्या नावाला 'इनॉक्स' हा शब्द जोडला गेला आणि व्हिक्टोरिनॉक्स हे नाव जगभर पोहोचले.

आधी काम ठरवायचे, मग अवजार घडवायचे, हे एल्सेनर यांचे सूत्र होते. खरेदी करतानाही तेच उपयोगी पडते. रोजच्या किरकोळ कामांना त्यांच्या पद्धतीचा साधा, हलका चाकू पुरतो. अपघातातील बचावाची गरज वेगळी आहे. तेथे एका हाताने उघडणारे आणि उघडल्यावर पक्के अडकणारे पाते हवे, नाहीतर ते मिटून वापरणाऱ्याचीच बोटे कापली जातील. पात्याचे टोक बोथट असले तर जखमीला इजा होण्याचा धोका कमी होतो. पट्टा कापायला दातेरी धार किंवा आकडीसारखे कटर उत्तम. बहुतेक मोटारींच्या दाराची काच टोकदार कठीण ठोक्याने फुटते, पण पुढच्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असल्याने तिला करवतच लागते. मूठ ओल्या हातातून न निसटणारी आणि अंधारात दिसणारी असावी. एल्सेनर यांच्याच कंपनीने पुढे बचाव पथकांसाठी काढलेल्या चाकूत या सोयी आढळतात. असा चाकू विमानाच्या केबिनमध्ये मात्र नेता येत नाही.

अवजारांची संख्या मोजून किंवा झळाळी पाहून घेतलेला चाकू डिकीच्या तळाशी पडून राहिला, तर त्याचा उपयोग शून्य. तो चालकाचा हात पोहोचेल अशा जागी असावा आणि उघडण्याचा सराव आधीच झालेला असावा.